‘द टू पोप्स’: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

‘द टू पोप्स’ हा चित्रपट २० डिसेंबर २०१९ ला नेटफ्लिक्सवर आला. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं निधन झालं, तेव्हा अनेकांनी तो पुन्हा काढून पाहिला आणि प्रश्नांचा ओघ नव्याने सुरू झाला. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तिसऱ्या प्रश्नापासून पुढे कथा पूर्ण उघड होते. चित्रपट अजून पाहिला नसेल तर पहिली दोन उत्तरं वाचा, चित्रपट पाहा आणि मग परत या.

१. चित्रपट नेमका कशाबद्दल आहे?

दोन म्हातारी माणसं दोन तास बोलतात. वरवर पाहिलं तर एवढंच. साल २०१२. व्हॅटिकनमधून गुप्त कागदपत्रं फुटली आहेत, पैशांच्या आणि लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांनी ख्रिस्तसभा हादरली आहे, आणि पोप बेनेडिक्ट सोळावे थकले आहेत. अशा वेळी अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसचे आर्चबिशप, कार्डिनल होर्हे मारिओ बर्गोलिओ, स्वतःचा राजीनामा घेऊन रोमला येतात. एक जर्मन, दुसरा लॅटिन अमेरिकन. एक पुस्तकांत रमणारा, दुसरा झोपडपट्टीत चालत जाणारा. दोघांना एकमेकांची मतं पटत नाहीत आणि ते तसं तोंडावर सांगतात. बागेत वाद होतो, रात्री पियानो वाजतो, आणि दुसऱ्या दिवशी जे बोलणं होतं त्यासाठी हा चित्रपट पाहायचा.

दिग्दर्शक ब्राझीलचे फर्नांदो मेइरेलेस, ‘सिटी ऑफ गॉड’वाले. पटकथा न्यूझीलंडचे लेखक अँथनी मॅककार्टन यांची, त्यांच्याच नाटकावरून. बेनेडिक्ट झालेत अँथनी हॉपकिन्स आणि बर्गोलिओ झालेत जोनथन प्राइस.

२. मी ख्रिस्ती नाही. पाहण्याआधी काय माहीत असावं?

वसई, मुंबई किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरातल्या वाचकांनी हे उत्तर ओलांडून पुढे जावं.

पोप हे रोमचे बिशप (तिथल्या चर्चचे प्रमुख) आणि जगभरच्या कॅथलिकांचे सर्वोच्च धर्मगुरू. त्यांना कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे वरिष्ठ धर्मगुरू, निवडतात, तेही ८० वर्षांखालचेच. निवड होईपर्यंत हे कार्डिनल बाहेरच्या जगापासून तोडलेले असतात. मतदान सिस्टीन चॅपेलमध्ये, चिठ्ठ्यांवर, गुप्तपणे होतं. दोन तृतीयांश मतं मिळेपर्यंत फेऱ्यांमागून फेऱ्या चालतात. काळा धूर म्हणजे निर्णय नाही, पांढरा धूर म्हणजे नवे पोप मिळाले. या सगळ्या प्रक्रियेला कॉन्क्लेव्ह म्हणतात.

आणखी एक गोष्ट माहीत हवी, ती म्हणजे पापनिवेदन. कॅथलिक माणूस धर्मगुरूसमोर आपली पापं बोलून दाखवतो आणि धर्मगुरू देवाच्या नावाने त्याला क्षमा देतो. पोपही याला अपवाद नाहीत. हे ध्यानात ठेवलं तर चित्रपटाचा उत्तरार्ध खूप वेगळा दिसेल (प्रश्न ७ पाहा).

३. हे खरंच घडलं का? दोघं असे भेटले होते का?

नाही. २०१२ मधली ती भेट, कास्तेल गांदोल्फोच्या (रोमजवळचं पोपांचं उन्हाळी निवासस्थान) बागेतला वाद, सिस्टीन चॅपेलमधला संवाद, पिझ्झा, टँगो, सगळं लेखकाने कल्पिलेलं आहे. पद सोडण्याचा बेत बेनेडिक्ट यांनी बर्गोलिओंना आधी सांगितला होता, यालाही आधार नाही.

खरी भेट नंतरची, आणि ती कल्पित भेटीइतकीच विलक्षण आहे. २३ मार्च २०१३ रोजी, निवडून आल्यावर दहा दिवसांनी, पोप फ्रान्सिस (म्हणजे बर्गोलिओच) हेलिकॉप्टरने कास्तेल गांदोल्फोला गेले. चॅपेलमध्ये बेनेडिक्ट यांनी मानाची जागा त्यांना देऊ केली. फ्रान्सिस यांनी ती घेतली नाही, ‘आपण भाऊ आहोत’ म्हणाले, आणि दोघांनी एकाच बाकावर शेजारी गुडघे टेकून प्रार्थना केली. त्या दिवशीच्या छायाचित्रात दोघांच्या मधल्या टेबलावर एक मोठा पांढरा खोका दिसतो. कागदपत्रं फुटल्याच्या प्रकरणाची चौकशी त्यात होती, असं फ्रान्सिस यांनीच पुढे सांगितलं. चित्रपटाचे दोन्ही विषय, बंधुभाव आणि ओझं, त्या एका छायाचित्रात आहेत.

४. मग खरं काय काय आहे?

बरंच. २००५ ची निवडणूक आणि तिच्याआधीचं रात्झिंगर (म्हणजे पुढचे बेनेडिक्ट) यांचं ‘सापेक्षतावादाच्या हुकूमशाही’वरचं (म्हणजे अंतिम सत्य असं काही नसतंच, या विचाराच्या दबावावरचं) प्रवचन. ११ फेब्रुवारी २०१३ ला लॅटिनमधून केलेली पदत्यागाची घोषणा. कार्डिनल जमले होते नव्या संतांच्या घोषणेसाठी; अनेकांना आपण काय ऐकतोय हे क्षणभर उमगलंच नाही. जगाला बातमी पहिल्यांदा दिली ती इटालियन वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना किर्री यांनी, कारण त्यांना लॅटिन कळत होतं. पद सुटलं २८ फेब्रुवारीला रात्री आठ वाजता.

बेनेडिक्ट यांचा पियानो, मोझार्ट, लाल बूट आणि फँटा, हे सगळं खरं. बर्गोलिओंचं सान लोरेन्सो या फुटबॉल क्लबवरचं प्रेम, टँगोची आवड, बसने आणि भुयारी रेल्वेने फिरणं, आर्चबिशपचा वाडा सोडून साध्या खोल्यांत राहणं, हेही खरं. सुरुवातीला नवे पोप स्वतः फोन करून लाम्पेदुसा बेटाचं विमान तिकीट काढू पाहतात, तो प्रसंग रचलेला आहे. पण निवडून आल्यावर त्यांनी ब्युनोस आयरेसच्या पेपरवाल्याला स्वतः फोन करून ‘आता पेपर टाकू नका’ असं सांगितलं होतं. लाम्पेदुसालाही ते ८ जुलै २०१३ ला गेले. रोमबाहेरचा तो त्यांचा पहिला दौरा, समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांसाठी.

५. बर्गोलिओ राजीनामा देतात आणि पोप सहीच करत नाहीत. असं करता येतं? आणि पोप स्वतः राजीनामा कुणाला देतात?

कथेचा सगळा पेच या नियमात आहे. बिशपांनी वयाच्या ७५ व्या वर्षी राजीनामा सादर करायचा असतो. तो कधी स्वीकारायचा हे पोप ठरवतात. सही होईपर्यंत बिशपांना कामावर राहावं लागतं. बर्गोलिओंचा जन्म १७ डिसेंबर १९३६ चा, म्हणजे २०११ च्या डिसेंबरात त्यांनी नियमाप्रमाणे पत्र पाठवलं होतं. निषेध म्हणून नव्हे. चित्रपटाने त्या सरकारी वाटणाऱ्या पत्रात बंडखोरी भरली, आणि नाटक उभं राहिलं.

पोपचं नेमकं उलटं. धर्मसंहितेचा ३३२ वा नियम सांगतो की पोपने पद सोडायचं ठरवलं तर ते स्वेच्छेने आणि जाहीरपणे व्हायला हवं, पण कुणी ते मंजूर करण्याची गरज नाही. मंजूर करणारा वर कुणी नाहीच. म्हणून चित्रपटातले बेनेडिक्ट बर्गोलिओंकडे परवानगी मागत नाहीत, ते धीर मागतात. बेनेडिक्टपूर्वी पद सोडणारे शेवटचे पोप ग्रेगरी बारावे, १४१५ साली, तेही फूट मिटवण्यासाठी दबावाखाली. आपणहून सोडणारे सेलेस्टाइन पाचवे, १२९४ साली. सातशे वर्षांत कुणी केलं नाही ते करायचं, हा त्या म्हाताऱ्या माणसाच्या मनावरचा भार हॉपकिन्सच्या चालण्यातसुद्धा दिसतो.

६. २००५ मध्ये बर्गोलिओ खरंच दुसऱ्या क्रमांकावर होते का?

होय. मतदान गुप्त असतं, पण त्याच वर्षी एका निनावी कार्डिनलची डायरी इटलीत प्रसिद्ध झाली आणि बर्गोलिओंना ४० च्या आसपास मतं पडल्याचं तिने सांगितलं. मतदार ११५, निवडीला ७७ मतं हवी होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीच्या पुस्तकात फ्रान्सिस यांनी स्वतः ४० चा आकडा सांगितला. त्याबरोबर त्यांनी जे सांगितलं ते चित्रपटाच्या मांडणीला छेद देणारं आहे: रात्झिंगर यांची वाट अडवायला काही जण माझा वापर करत होते, आणि माझे स्वतःचे उमेदवार रात्झिंगरच होते.

म्हणजे प्रतिस्पर्धी त्यांना इतरांनी बनवलं. चित्रपटात रात्झिंगर यांना पद हवं आहे अशी छटा आहे. तीही मला पटलेली नाही. आधीचे पोप जॉन पॉल दुसरे यांच्याकडे त्यांनी कामातून मोकळं करण्याची विनंती अनेकदा केली होती. बव्हेरियात जाऊन पुस्तकं लिहायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

७. पापनिवेदनाच्या प्रसंगांना तुम्ही इतकं महत्त्व का देता? मला तर बागेतला वाद जास्त आवडला.

वाद चमकदार आहेच. ‘देव बदलत नाही’ आणि ‘देव बदलतो, आपल्याकडे सरकतो’ ही जुगलबंदी पुन्हा पुन्हा ऐकावी अशी आहे. पण त्या वादातून काही सुटत नाही. ब्रह्मचर्य, घटस्फोटितांना ख्रिस्तप्रसाद, चर्चची घटती गर्दी, कशावरही दोघं एकमतावर येत नाहीत आणि शेवटपर्यंत आलेले नाहीत. मग ते जवळ कशामुळे आले?

चित्रपटात पापनिवेदनं तीन आहेत. पहिलं तरुण होर्हेचं. सत्य घटना अशी की २१ सप्टेंबर १९५३ ला, सोळा वर्षांचा असताना, मित्रांबरोबर फिरायला निघालेला हा मुलगा फ्लोरेस भागातल्या सान होसे चर्चमध्ये सहज शिरला, एका अनोळखी फादरकडे पापनिवेदन केलं आणि धर्मगुरू व्हायचं ठरवून बाहेर आला. तो संत मत्तयचा सण होता. बिशप झाल्यावर बर्गोलिओंनी जे बोधवाक्य घेतलं ते त्याच सणाच्या एका जुन्या प्रवचनातलं आहे. येशूने जकातदार मत्तयकडे दयेने पाहिलं आणि त्याला निवडलं, असा त्याचा आशय. चित्रपटाने इथे वाग्दत्त वधूचा धागा जोडून प्रसंग रंगवला आहे, गाभा मात्र खरा ठेवला आहे.

दुसरं निवेदन बर्गोलिओंचं, बेनेडिक्टसमोर: हुकूमशाहीच्या काळात आपण कमी पडलो (प्रश्न ९). तिसरं बेनेडिक्ट यांचं, बर्गोलिओंसमोर (प्रश्न ८). पहिल्या निवेदनाने माणूस धर्मगुरू झाला. दुसऱ्या-तिसऱ्याने दोन पदाधिकारी पुन्हा माणसं झाले. बागेत दोघं आपापल्या बरोबर असण्याच्या जोरावर बोलत होते. चॅपेलशेजारच्या त्या खोलीत दोघंही आपण कुठे चुकलो ते सांगतात आणि समोरचा ते ऐकून घेतो. मतं तीच राहतात. समान भूमी सापडते ती ही. मतभेद मिटल्याशिवाय मैत्री नाही असं आपण सध्या इतकं धरून चाललो आहोत की हा प्रसंग मला दर वेळी नवा वाटतो.

आणि जागा पाहा. सिस्टीन चॅपेलला लागून असलेल्या त्या लहान खोलीला ‘अश्रूंची खोली’ म्हणतात. निवडून आलेले पोप पहिल्यांदा तिथे जाऊन पांढरा झगा घालतात आणि पुष्कळांना तिथे रडू कोसळतं.

८. बेनेडिक्ट बोलायला लागतात आणि आवाजच जातो. प्रिंटमध्ये बिघाड आहे का?

बिघाड नाही, तो दिग्दर्शकाचा निर्णय आहे. अत्याचारी धर्मगुरूच्या प्रकरणाचा उल्लेख सुरू होतो, आवाज विरत जातो, आणि बर्गोलिओंचा चेहरा तेवढा दिसत राहतो.

यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. एक असं: पापनिवेदनाची गुप्तता अभंग असते. धर्मगुरूने ती फोडली तर तो आपोआप ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो, आणि ती शिक्षा खुद्द रोमशिवाय कुणी उठवू शकत नाही. त्यामुळे प्रेक्षकाला ऐकू न येणं हेच सुसंगत. अशी भेट खरोखर झाली असती तरी आपल्याला तिच्यातला एक शब्द कधी कळला नसता.

दुसरं मत असं की ज्या विषयावर पीडितांचा आवाज अनेक दशकं दाबला गेला, नेमक्या त्याच विषयावर चित्रपटाने आवाज बंद केला. मला हे दुसरं मत अधिक जड वाटतं. बर्गोलिओंच्या अपराधभावाला चित्रपटाने बरीच मिनिटं, कृष्णधवल दृश्यं, वेगळा नट दिला. अत्याचारग्रस्त मुलांना एक चेहराही दिला नाही. बर्गोलिओ तिथे चिडून उठतात आणि पापी माणसाला क्षमा पुरत नाही, जखमा झालेल्यांचं काय, अशा अर्थाचं बोलतात, तेवढाच दिलासा.

९. दोन जेझुइट फादरांच्या अपहरणात बर्गोलिओ दोषी होते का?

आधी घटनाक्रम. २४ मार्च १९७६ ला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली. ती राजवट १९८३ पर्यंत टिकली आणि हजारो माणसं ‘बेपत्ता’ झाली. बर्गोलिओ तेव्हा चाळिशीच्या आत होते आणि १९७३ पासून अर्जेंटिनातल्या जेझुइटांचे (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या सदस्यांचे) प्रांतप्रमुख होते. ओर्लांदो योरिओ आणि फ्रांत्स यालिक्स हे दोन फादर ब्युनोस आयरेसच्या झोपडपट्टीत राहून काम करत. बर्गोलिओंनी त्यांना तिथून निघायला सांगितलं, त्यांनी मानलं नाही, संघाशी त्यांचं नातं तुटत आलं, आणि २३ मे १९७६ ला सैनिकांनी त्यांना उचललं. पाच महिने डोळ्यांवर पट्टी आणि बेड्या. ऑक्टोबरमध्ये गुंगीच्या औषधाखाली त्यांना शेतात टाकून देण्यात आलं.

योरिओ २००० साली वारले; संरक्षण काढून घेऊन बर्गोलिओंनी आपल्याला उघड्यावर टाकलं, असं त्यांचं अखेरपर्यंत म्हणणं होतं. यालिक्स यांचा प्रवास वेगळा. त्यांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पुढे बर्गोलिओंची भेट झाली, दोघांनी एकत्र मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण केली, मिठी मारली. मार्च २०१३ मध्ये त्यांनी निवेदन काढून स्पष्ट केलं की बर्गोलिओंनी आम्हाला पकडून दिलं नव्हतं. चित्रपटातली ती मिठी इथून आली आहे.

बर्गोलिओंनी २०१० मध्ये न्यायालयापुढे साक्ष दिली. दोघांच्या सुटकेसाठी आपण हुकूमशहा विदेला आणि नौदलप्रमुख मासेरा यांना भेटलो, असं त्यांनी सांगितलं. विदेलांच्या घरी मिस्सा म्हणण्याची संधी मिळावी म्हणून तिथल्या फादरला आजारपणाचं निमित्त सांगायला लावलं होतं. शांततेचे नोबेल मिळालेले आणि स्वतः त्या राजवटीच्या तुरुंगात राहिलेले अदोल्फो पेरेस एस्किव्हेल यांनी बर्गोलिओ हुकूमशाहीचे साथीदार नव्हते असं जाहीरपणे म्हटलं आहे.

माझं उत्तर: पकडून देणारे नव्हेत. धीटपणे उघड विरोध करणारेही नव्हेत. पडद्याआड काहींना वाचवलं, काहींना वाचवू शकले नाहीत. एस्तेर बाल्लेस्त्रिनो हे नाव लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण होर्हेच्या त्या वरिष्ठ, कम्युनिस्ट विचारांच्या, आणि पुढे बेपत्तांच्या मातांच्या आंदोलनाच्या संस्थापकांपैकी एक. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांना सान्ता क्रुझ चर्चपाशी उचलून मारण्यात आलं. २००५ मध्ये अवशेषांची ओळख पटली, तेव्हा आर्चबिशप बर्गोलिओंनी त्यांना त्याच चर्चच्या आवारात पुरायला परवानगी दिली. चित्रपटातल्या बर्गोलिओंचा अपराधभाव ज्यांना अतिरंजित वाटतो, त्यांनी हे आठवावं.

१०. चित्रपट बेनेडिक्ट यांच्यावर अन्याय करतो का?

करतो, आणि माझी त्याच्यावरची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. बर्गोलिओंना भूतकाळ दिला आहे (तरुणपणीचं काम हुआन मिनुहिन यांनी फार सुरेख केलं आहे), बेनेडिक्ट यांना दिलेला नाही. वास्तविक त्यांचा भूतकाळ काही कमी नाट्यमय नव्हता. सक्तीच्या कायद्याने हिटलर यूथमध्ये ओढलेला पोलिसाचा मुलगा, सोळाव्या वर्षी विमानविरोधी तोफांवर, १९४५ मध्ये सैन्यातून पळालेला आणि मग अमेरिकनांचा युद्धकैदी. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत कोलोनच्या कार्डिनलचे सल्लागार म्हणून आलेले हेच तरुण रात्झिंगर सुधारणावाद्यांत गणले जात. १९६८ च्या विद्यार्थी उठावाने ट्यूबिंगनमध्ये ते हादरले आणि सावध होत गेले. हा माणूस आधी बदलाच्या बाजूने होता, हे कळलं असतं तर बागेतला वाद दुप्पट खोल झाला असता.

अत्याचारांच्या बाबतीतही चित्र एकरंगी नाही. मार्सियाल मासिएल या बड्या संस्थाचालक धर्मगुरूला जॉन पॉल यांच्या काळात हात लागत नव्हता. २००६ मध्ये बेनेडिक्ट यांच्या व्हॅटिकनने त्याला सार्वजनिक कामातून दूर केलं. २००८ च्या अमेरिका दौऱ्यात ते पीडितांना भेटले. पण म्युनिकचे आर्चबिशप असतानाच्या चार प्रकरणांत त्यांनी योग्य कारवाई केली नाही, असा ठपका २०२२ च्या अहवालाने ठेवला, आणि त्यांनी पत्र लिहून पीडितांची क्षमा मागितली. हे चित्रपटानंतरचं आहे, पण आज पाहताना डोक्यात असणारच.

११. एक सनातनी आणि एक पुरोगामी, ही मांडणी बरोबर आहे का?

सोयीची आहे. २०१० मध्ये अर्जेंटिनात समलिंगी विवाहाचा कायदा आला तेव्हा त्याला अत्यंत कडक शब्दांत विरोध करणारे आर्चबिशप बर्गोलिओच होते. गर्भपाताबाबत दोघांची भूमिका एकच. आणि पद सोडण्यासारखी शतकांची परंपरा मोडणारी गोष्ट केली ती ‘सनातनी’ बेनेडिक्ट यांनी.

दोघांना प्रत्यक्ष जोडणारा एक दुवा चित्रपटात यायला हवा होता. मे २००७ मध्ये ब्राझीलमधल्या आपारेसिदा इथे लॅटिन अमेरिकेच्या बिशपांची परिषद भरली. उद्घाटन केलं बेनेडिक्ट यांनी. अंतिम दस्तऐवजाच्या मसुदा समितीचे प्रमुख होते बर्गोलिओ. गरिबांना प्राधान्य ही कल्पना ख्रिस्तावरच्या श्रद्धेतच सामावलेली आहे, असं बेनेडिक्ट उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले, आणि ते दस्तऐवजात उतरलं. फ्रान्सिस यांच्या पोपपदाची बरीचशी दिशा त्या दस्तऐवजात सापडते.

१२. २०१३ नंतर प्रत्यक्षात दोघांचं जमलं का?

जमलं, पण चित्रपटाइतकं गोड नव्हे. जुलै २०१३ मध्ये फ्रान्सिस यांचं पहिलं विश्वपत्र (पोपने सगळ्या ख्रिस्तसभेला लिहिलेलं पत्र) निघालं. ते बेनेडिक्ट यांनी लिहायला घेतलं होतं, फ्रान्सिस यांनी पूर्ण केलं, आणि ते चार हातांनी लिहिलेलं आहे असं मोकळेपणी सांगितलं. घरात शहाणे आजोबा असावेत तसं वाटतं, असं ते बेनेडिक्टबद्दल म्हणत. २०१६ मध्ये बेनेडिक्ट यांच्या धर्मगुरुपदाला ६५ वर्षं झाली, तेव्हा ते फ्रान्सिस यांना म्हणाले की व्हॅटिकनच्या बागांच्या सौंदर्यापेक्षाही तुमचा चांगुलपणा हे माझं राहण्याचं ठिकाण आहे.

ताणही होता. जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे चित्रपट ताजा असतानाच, धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याचं समर्थन करणारं कार्डिनल रॉबर्ट सारा यांचं पुस्तक आलं आणि मुखपृष्ठावर सहलेखक म्हणून बेनेडिक्ट यांचं नाव होतं. फ्रान्सिस याच प्रश्नावर निर्णय देण्याच्या बेतात असताना. गदारोळ झाल्यावर बेनेडिक्ट यांनी ते नाव काढायला सांगितलं. २००७ मध्ये बेनेडिक्ट यांनी जुन्या लॅटिन मिस्सेला दिलेली मोकळीक फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये बरीचशी काढून घेतली. त्याने बेनेडिक्ट मनातून दुखावले, असं त्यांच्या सचिवांनी पुढे सांगितलं. एवढं होऊन दोघांनी एकमेकांविरुद्ध जाहीर शब्द काढला नाही. कल्पित टँगोपेक्षा हे संयमी शेजारपण मला अधिक अवघड आणि अधिक मोलाचं वाटतं.

१३. शेवटी दोघं विश्वचषकाचा अंतिम सामना एकत्र पाहतात. ते तरी खरं आहे ना?

सामना खरा. १३ जुलै २०१४, जर्मनी १, अर्जेंटिना ०, जादा वेळेत. एकत्र पाहणं कल्पित. फ्रान्सिस तर टीव्हीच पाहत नसत. १९९० मध्ये त्यांनी तसं व्रत घेतलं होतं आणि पाळलं.

१४. व्हॅटिकनने आत शूटिंग करू दिलं?

नाही. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत सिस्टीन चॅपेल मूळ आकारात उभारलं होतं. मायकेलअँजेलोची चित्रं छापून भिंतींवर चढवली आहेत. ठाऊक असूनही फरक कळत नाही.

१५. कोणत्या भाषेत पाहावा?

मूळ आवाजात, उपशीर्षकांसह. इंग्रजी, स्पॅनिश, इटालियन, लॅटिन, जर्मन अशा भाषा पात्रं सहज बदलतात आणि त्या बदलाला अर्थ आहे: लॅटिन हे बेनेडिक्ट यांचं घर आहे, बर्गोलिओ स्पॅनिशमध्ये मोकळे होतात. डबिंगमध्ये हे सगळं सपाट होतं. दोन्ही प्रमुख नट वेल्सचे. प्राइस यांना प्रमुख भूमिकेसाठी, हॉपकिन्स यांना सहायक भूमिकेसाठी आणि मॅककार्टन यांना पटकथेसाठी ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार एकही नाही.

१६. ‘कॉन्क्लेव्ह’ नावाचा चित्रपट हाच का?

नाही. तो २०२४ चा, एडवर्ड बर्गर यांचा, कादंबरीवर आधारलेला आणि त्यातले पोप, कार्डिनल सगळे काल्पनिक. तो रहस्यपट आहे, हा संवादपट.

१७. या निवडणुकांत आपल्याकडचं कुणी होतं का?

होतं. मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल आयव्हन डायस यांनी २००५ मध्ये मतदान केलं. २०१३ मध्ये पाच भारतीय मतदार होते. त्यांत डायस होते आणि त्यांच्यानंतर मुंबईच्या गादीवर आलेले कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस होते. निवडून आल्यावर महिन्याभरात फ्रान्सिस यांनी कारभार सुधारण्यासाठी जगभरातले आठ कार्डिनल सल्लागार म्हणून नेमले, आशियातून ग्रेशियस यांना घेतलं. मे २०२५ मध्ये मात्र ग्रेशियस मतदान करू शकले नाहीत, कारण डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी ८० वर्षं पूर्ण केली होती. त्या वेळी गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव मतदारांत होते.

१८. मुलांबरोबर पाहता येईल?

बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलांबरोबर, हो. अर्जेंटिनाच्या भागात अपहरण आणि छळाची दृश्यं आहेत.

१९. पोप स्वतः पापनिवेदन कुणाकडे करतात? वरिष्ठ तर कुणीच नाही.

कुठल्याही धर्मगुरूकडे. क्षमा देण्याचा अधिकार पदाच्या उतरंडीवर ठरत नाही, त्यामुळे गावातले साधे फादरही पोपचं निवेदन ऐकू शकतात. २८ मार्च २०१४ ला फ्रान्सिस संत पेत्राच्या महामंदिरात लोकांची निवेदनं ऐकायला निघाले असताना आधी स्वतःच एका धर्मगुरूपुढे गुडघ्यावर बसले; ती छायाचित्रं जगभर गेली. त्यामुळे चित्रपटात बर्गोलिओ बेनेडिक्ट यांना क्षमा देतात, ते नियमाला धरून आहे.

२०. पुन्हा असे दोन पोप एकाच वेळी असू शकतात का?

पोप एका वेळी एकच असतो. पद सोडल्यावर बेनेडिक्ट यांनी ‘निवृत्त पोप’ हे बिरुद घेतलं आणि पांढरा झगाही ठेवला. धर्मसंहितेत त्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. गोंधळ तिथूनच सुरू झाला. खरे पोप अजून बेनेडिक्टच, असं म्हणणारे गट निघाले. बेनेडिक्ट यांनी स्वतः ते म्हणणं खोडून काढलं होतं.

३१ डिसेंबर २०२२ ला ते ९५ व्या वर्षी वारले आणि ५ जानेवारीला फ्रान्सिस यांनी त्यांच्या अंत्यविधीचं पौरोहित्य केलं. आपण पद सोडलं तर ‘रोमचे निवृत्त बिशप’ एवढंच म्हणवून घेऊ, असं फ्रान्सिस म्हणत. आजारपणाने काम अशक्य झालं तर वापरायचं राजीनामापत्र त्यांनी सुरुवातीलाच सही करून ठेवलं होतं. ते वापरायची वेळ आली नाही. २१ एप्रिल २०२५ ला पदावर असतानाच त्यांचं निधन झालं आणि ८ मे रोजी लिओ चौदावे निवडून आले. निवृत्त पोपचा दर्जा, पोशाख आणि नाव यांबद्दलचा नियम अजूनही झालेला नाही.